हॉल्टवरचं कुलूप

बाबा, तुमच्या स्टेशनवर आता कोणीच नसतं. मास्तर नाही, पोर्टर नाही, तिकिटाची खिडकी विटा लावून बुजवलेली. सिग्नल आपोआप बदलतात, म्हणून तुम्ही गेल्यावर काही वर्षांतच स्टेशनचं हॉल्ट झालं. आपलं क्वार्टर पाडलं. राहिलं काय, तर एक प्लॅटफॉर्म, एक पत्र्याचं शेड, दोन बाकं, एक बोरिंगचा हातपंप आणि टोकाला एक स्वच्छतागृह. सकाळी रायपूरला जाणारी आणि तिकडून येणारी अशा दोन पॅसेंजर थांबतात, संध्याकाळीही तशाच दोन. मधल्या वेळात मालगाड्या धडधडत जातात आणि शेडचे पत्रे थरथरतात. तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही असताना मी रेल्वेत साधी ज्युनिअर होते, पण गेली तीन वर्षं या पट्ट्यातल्या अशा सगळ्या हॉल्टच्या इमारतींची देखभाल माझ्याकडे आहे. म्हणजे तुमचं स्टेशन आता माझं आहे. हे सांगताना छाती फुगायला हवी होती. पण गेले दोन महिने मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात खुर्चीवरून उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते. रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या घरी पोळ्या लाटता लाटता लाटणं हातात तसंच राहतं. लेक विचारते, “मम्मी, क्या हुआ?” मी म्हणते, “काही नाही वं.” ती पुन्हा हिंदीत काहीतरी म्हणते आणि निघून जाते.

आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर आठवतं का? त्याची खिडकी थेट प्लॅटफॉर्मवर उघडायची. आई चुलीपाशी बसलेली असायची आणि गाडी उशिरा आहे असं कळलं की खिडकीबाहेर एखादी बाई येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही, नुसती उभी. आईला तेवढ्यानंच समजायचं. ती पदराला हात पुसत उठायची आणि मागचं दार उघडून द्यायची. पोटुशी असो, म्हातारी असो, कोणत्याही जातीची असो, आमच्या संडासाला कडी नव्हती, असं आई पुढे हसून सांगायची. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आपलं घर म्हणजे धर्मशाळा, असं वाटायचं.

आणि तो दिवस. मी सातवीत असेन. शाळेतल्या दोन मैत्रिणी पहिल्यांदाच घरी आलेल्या. सफाईवाला तापानं पडला होता आणि तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, बादली आणि खराटा घेऊन प्लॅटफॉर्मवरचं बायकांचं स्वच्छतागृह धूत होता. मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या गेल्यावर मी तुमच्यावर ओरडले, “मास्तर असून तुम्ही हे काहून करता?” तुम्ही हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मग म्हणालात, “गाडीतून उतरलेल्या बाईले काय सांगू? सफाईवाल्याचा ताप उतरेपर्यंत थांब म्हणून? तुले लाज वाटून राहिली न, तर माह्यापासून दूर बस. पण तिले दार बंद दिसलं नाही पाहिजे.” तुम्ही आवाज चढवला नव्हता. तरी मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता माझं ऐका. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. मी आधी एकदा हॉल्टवर जाऊन आले. स्वच्छतागृहाचं दार उघडलं आणि तशीच मागे फिरले. सफाईचा ठेका मोठ्या स्टेशनांपुरता. हॉल्टवर महिन्यातून एकदा माणूस यायचा, तोही आला तर. पाण्याची टाकी कोरडी. दुरुस्तीला हात घातला तर दहा-बारा दिवस सहज जाणार आणि साहेब तर परवा येणार. मी बरोबरच्या माणसाला सांगितलं, “दोन दिवस कुलूप लाव.” तपासणीच्या कागदावर घाण दिसली की शेरा बसतो, बंद दिसलं की बसत नाही. साहेब आले, शेडपर्यंत चालले, नवीन रंग दिलेल्या बाकाकडे बघून मान हलवली आणि गेले. कुलूप तसंच राहिलं. किल्ली पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून माझ्या टेबलाच्या खणात. पुढे दर महिन्याचा तक्ता भरताना मी त्या रकान्यात “बंद” असं लिहीत गेले. आठ महिने, बाबा. पहिल्या महिन्यात लिहिताना हात अडखळला होता, नंतर नाही.

त्या हॉल्टवरून सकाळच्या गाडीला वीस-पंचवीस बायका असतात. काही सिलतऱ्याच्या कारखान्यांत झाडलोटीला जातात, काही रायपुरात घरकामाला, काही पंडरीच्या कापड बाजारात. मालगाड्यांना वाट देत देत पॅसेंजर येते, म्हणून कधी तास, कधी दीड तास उभं राहावं लागतं. त्यातली एक पंडरीत साड्यांच्या ठोक दुकानात घड्या घालायची. दिवसभर उभ्यानं काम. मे महिन्यात एका सकाळी ती रूळ ओलांडून पलीकडच्या बेशरमाच्या झुडपांत गेली. दुसरीकडे आडोसाच नव्हता. तेवढ्यात पॅसेंजर दिसली आणि ती धावत परत निघाली. मधल्या लाइनवर गिट्टीत पाय मुरगळला, ती आडवी पडली आणि त्याच लाइनवर मालगाडी येत होती. दोन बायकांनी खाली उड्या मारल्या, तिला काखेत धरून ओढलं. जीव वाचला. पाय दोन जागी मोडला.

दुपारी उशिरा मला ऑफिसात फोन आला तेव्हा मी चहा पीत होते. कप ठेवला, खण उघडला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जीप मागवली. हॉल्टवर पोचले तेव्हा संध्याकाळची गाडी नुकतीच गेली होती आणि कामावरून परतलेल्या चार बायका बोरिंगवर हातपाय धूत होत्या. मी कुलूप उघडायला लागले तर त्यांच्यातली एक वयस्कर बाई जवळ आली.

“अब खोलत हस, दीदी?” आता उघडतेस होय, एवढंच म्हणाली.

कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. शेवटी ड्रायव्हरनं दगडानं तोडलं. दुसऱ्या दिवशी मी रायपूरहून माणसं नेली, टाकीची लाइन जोडून घेतली, सगळं धुऊन घेतलं. ते धूत होते आणि मी नाकाला रुमाल लावून शेडखाली उभी होते. तुमची आठवण आली, पण खराटा हातात घ्यायचा धीर झाला नाही. खोटं कशाला सांगू? रोजच्या सफाईचं मात्र त्या बायकांशीच बोलून ठरवलं. गावात त्यांचा बचत गट आहे, त्यांनी पाळी लावून घेतली. नव्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे दिली. बाहेरच्या माणसाला किल्ली देणं नियमात बसत नाही, त्याबद्दलही मला विचारणा झाली. ते एक असो.

मी इस्पितळात तिला भेटायला गेले होते. तिच्या पायात सळई घातलेली, पाय उंच बांधलेला. तिनं विचारलं, “कोन हव दीदी?” मी म्हटलं, “ऑफिस से आई हूँ.” एवढंच. फळांची पिशवी ठेवली आणि जिना उतरताना मला धाप लागली, जणू मीच धावत आले होते.

मग चौकशी लागली. कुलूप कधी लावलं, काहून लावलं, लेखी द्या. मी लिहिलं: प्रवाशांच्या सोयीच्या दृष्टीने स्वच्छतागृह तात्पुरते बंद ठेवण्यात आले होते. ठेवण्यात आले होते. वाचून बघा, बाबा, त्या वाक्यात माणूसच नाही. जणू कुलूप आपल्या पायानं चालत आलं आणि लागलं. बाजूच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, “बरोब्बर लिहिलं मॅडम, असंच लिहायचं असते.” मी कागद पाकिटात घातला आणि ते पाकीट पाच दिवस माझ्या पर्समध्ये फिरत राहिलं. जेवताना, भाजी घेताना, सतत वाटायचं कोणीतरी पाठीमागून हाक मारून राहिलं आहे.

सहाव्या दिवशी रविवार होता. मी जीप मागवली नाही. सकाळी स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं आणि पॅसेंजरनं गेले. तिचं घर प्लॅटफॉर्मपासून दहा मिनिटांवर, तळ्याच्या काठावर. ती परछीत, म्हणजे पडवीत, खाटेवर पडलेली, पायाखाली दुमडलेली गोधडी. सासूनं मला बसायला पाट दिला, काळा चहा दिला. मी चहा तसाच ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. कुलूप मी लावायला सांगितलं. साहेब येणार होते म्हणून. किल्ली माझ्याकडे होती, आठ महिने.

ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, “मोला मालूम रहिस, दीदी.”

तिला माहीत होतं. कुलूप लावलं त्या दिवशी ती शेडखालीच उभी होती. मी बोट दाखवून सांगताना तिनं पाहिलं होतं. इस्पितळातही ओळखलं होतं, तरी कोण म्हणून विचारलं होतं.

“मग तेव्हा बोलली काहून नाही?” मी विचारलं. घाबरल्यावर माझ्या तोंडून आपलीच भाषा निघते.

“का बोलतेंव? तैं तो फल धरके आए रहे.” फळं घेऊन आलेल्या माणसाला काय बोलणार! तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. सासू मात्र पुटपुटली की दुकानवाल्यानं दुसरी बाई ठेवली आहे, उभं राहता येईपर्यंत कोण थांबणार. ते ऐकून मी मान खाली घातली. मग खाटेवरून तीच म्हणाली, “अब खुल्ला रही न? पाछू फेर बंद तो नइ करहू?”

“नाही करणार बंद,” मी म्हटलं. “मी आहे न.”

परत आल्यावर मी पाकीट फाडलं आणि नवीन कागदावर लिहिलं की कुलूप माझ्या तोंडी आदेशावरून लावलं आणि मीच काढायला विसरले. नंतर पुन्हा वाचलं, “विसरले” खोडलं आणि “काढले नाही” असं लिहिलं. तो कागद मी स्वतः नेऊन दिला. साहेबांनी वर बघितलं, “सोच लिया है?” म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. लेखी ताकीद मिळाली, फाइलला लागली. तिच्या मदतीचा अर्जही मीच लिहून दिला आहे, तो कोणत्या टेबलावर आहे ते रोज जाऊन बघते. स्वच्छतागृह अजून तरी उघडं आहे. परवा तिकडे गेले तर दाराशी कोणीतरी शेणानं सारवून ठेवलं होतं.

एवढं सगळं लिहिलं, पण एक गोष्ट तिला सांगितली नाही, आणि तुम्हालाही सांगताना जीवावर येतं. तिला “मी आहे न” म्हटलं, त्याच्या चार दिवस आधी मी नागपूरला बदली मागितली होती. तो अर्ज वर गेला आहे. मागे घ्यायला मी अजून गेलेली नाही.