कानातलं

३ नोव्हेंबर, सोमवार

‘कानातलं आणलंय गं!’ हे म्हणाले. मी दोन्ही माग बंद केले, हात पदराला पुसले, आरशासमोर जाऊन जुन्या कुड्या काढूनसुद्धा ठेवल्या. अठरा वर्षांत माणसाला पहिल्यांदा सुचलं म्हटलं! डबीही सोनाराकडची असावी तशी, आत मखमल. उघडते तर काय — वायर!

इयरफोन. कानात खोल खुपसायचे. ‘साधे न्हाईत, दीडशे ओहमचे हाईत.’ दीडशे ओम! गाणी ऐकायची की जप करायचा?

साहेबांना (म्हणजे आमचे हे, नागेंद्र) घरातला खडखडाट सहन होत नाही. जन्म शहापुरातला, घर मागवाल्यांचं, गल्लीत उंबरठ्याला उंबरठा लागून माग — पण सांबऱ्याला विमानतळावर पार्किंगच्या ऑफिसात चिकटले आणि ह्यांचे कान एकदम खानदानी झाले. माग मी चालवते. माझे कान कसले, म्हशीचे!

‘आधी तू ऐक,’ म्हणाले. घातले. वाजतच नाही! लांब कुठंतरी, चार गल्ल्या सोडून, वरात चालल्यासारखं. तसं सांगितलं तर चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस घरात शाळा भरली आहे. आमटी वाढताना सुरू, ताट उचललं तरी सुरूच. ओहममध्ये मोजतात तो इम्पिडन्स, म्हणजे म्हणे अडथळा. अडथळा जास्त, म्हणून फोनची ताकद पुरत नाही. म्हटलं, मग जास्त अडथळ्याचे आणलेत कशाला? कमी अडथळ्याचे मिळत नव्हते? नुसती मान हलवली — तुला नाही कळायचं, अशी.

ऑफिसातल्या ओमकारला ऐकायला दिले होते. तो म्हणाला, ‘आण्णा, फोनचा आवाज निम्म्यावरच बास झाला की! ओहम किती का असंनात. इयरफोन थोडक्या ताकदीवर वाजणारा असला की फोन पुरतोय.’ पण साहेबांनी त्याचं ऐकलं नाही. ‘आमची बाई म्हणती वाजत न्हाय,’ असं चारचौघांत सांगून आले. अठरा वर्षांत माझा शब्द पहिल्यांदा चालला, तो असल्या कामाला!

पैज लावली आहे. तेरा तारखेपर्यंत परत करता येतात. तोवर माझ्या कानात नीट वाजले तर ठेवायचे. नाही वाजले तर परत, आणि मला खऱ्या कुड्या. आरोही साक्षीदार. पोरगी अकरावीला आहे, सारखी फोनमध्ये. पण कुड्या म्हटल्यावर तिनंही मान वर केली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

केदारी आण्णांनी साडी परत पाठवली. सूत देणारे तेच, साड्या नेणारेही तेच. चिठ्ठी जोडली होती — ‘ही तिसरी, आक्का. अशीच चूक झाली तर पुढचं बीम दुसऱ्याला द्यावं लागेल.’ तीन ओळी. अठरा वर्षं माग चालवते मी!

चूक काय, तर मधेच आडवा पट्टा मोकळा राहतो. कांडीवरचं सूत संपतं आणि माग रिकामाच धावतो. पूर्वी हे मी कानानं ओळखायची. कांडी संपत आली की ती पोटात घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा ठोका हलका होतो — पोळ्या लाटत असले तरी लाटणं टाकून धावायची. आता ठोका बदलतच नाही. माग मुका झालाय! दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो इकडं ठोकून, तिकडं ठोकून म्हणतो, ‘मागाला काय झालं न्हाय, आक्का. लई चांगला हाय.’ शहाणाच आहे. चहा पिऊन गेला.

बीम गेलं, म्हणजे ताण्याचं सूतच आलं नाही, तर मी काय करायचं? नुसतं घरात बसायचं? ते माझ्याच्यानं होणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

साहेब हल्ली पुटपुटतात. समोर उभं राहून बोलले तर सगळं कळतं. पाठ वळली की तोंडात गूळ धरल्यासारखं. मी भाकरी थापत होते, मागून म्हणाले, ‘आंबा मागवलाय.’

नोव्हेंबरात आंबा! म्हटलं, कुठला? तर म्हणे, ‘चीनचा.’

९ नोव्हेंबर, रविवार

आंबा आला नाही. चीन लांब आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर करंट नाही. अख्खी गल्ली गप्प. आज तरी ह्यांना मागाचं निमित्त नव्हतं ना? तरी पुटपुटणं सुरूच! आतल्या खोलीतून काहीतरी म्हणाले, मी ‘व्हय व्हय’ म्हटलं. नंतर कळलं की टॉवेल मागत होते. ओल्या अंगानं उभे होते बिचारे.

आणि मला कळत नाही असं कुणी म्हणायचं नाही! दोन माग धडधडत असताना पलीकडची बाई काय बोलते ते मी नुसत्या ओठांवरून सांगते. सासूबाईंनी लग्नानंतर आधी हे शिकवलं, मग स्वयंपाक. आम्ही बायकांनी आख्खी भांडणं अशी केलीत, एक आवाज न काढता. पाठीला ओठ असते तर साहेबांचंही कळलं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आंबा आला. काळा आहे, काड्यापेटीएवढा, वर एक गोल बटण. ‘ॲम्प! ॲम्प म्हणालतो मी!’ आरोही हसून हसून जमिनीवर लोळली. मीही हसले.

मग परीक्षा. मी बसले, ह्यांनी इयरफोन घातले, बटण माझ्या हातात दिलं. फिरवत गेले, फिरवत गेले, शेवटपर्यंत — आणि वाजलं! तबला तबल्यासारखा, बाईचा आवाज बाईसारखा. हरले मी. कुड्या गेल्या. म्हटलं, ‘आत्ता कसं वाजलं!’

आरोहीनं एका कानातला ओढून घेतला, स्वतःच्या कानात घातला — आणि फेकलाच! ‘आई! कान फाटला की गं माझा!’ म्हटलं, बापावर गेलीस. खानदानी कान!

पण साहेब हसले नाहीत. जिंकले होते, तरी मिरवले नाहीत. त्यांनी इयरफोन उचलला, कानाला नुसता टेकवला आणि झटकन काढला. माझ्याकडं बघत राहिले. मग उठून माझ्या मागं गेले. मी दुसऱ्या कानातलाही काढला आणि आपली वायर गुंडाळत बसले. थोड्या वेळानं आरोही समोर आली, तिचं तोंड एवढंसं झालेलं.

‘आई, बाबा चारदा हाक मारालेत तुला.’

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परत करायचा दिवस. साहेबांनी ॲम्प परत पाठवला. इयरफोन ठेवले. ‘माझ्या कानाला फोन पुरतोय,’ एवढंच म्हणाले.

मला दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईनं काचेच्या कपाटात बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बटण धरून बसले, बसले, शेवटी काच वाजवून सांगितलं — बाई, तुमचं मशीन बंद आहे. ती नुसती हसली. मशीन चालूच होतं.

बाहेर आल्यावर तिनं एकच विचारलं, ‘माग किती वर्षं?’ कागदावर माझ्या ऐकण्याची एक रेघ आहे, ती उतरत उतरत पार तळाला गेली आहे. गेलेलं परत येत नाही म्हणे. आहे तेवढं मशीननं मोठं करता येतं.

म्हणजे माग मुका नव्हता. त्या दुरुस्तीवाल्याला मी काय काय बोलले! ह्यांना तर दहा दिवसांत अठरा वर्षांएवढं बोलून घेतलं. रिक्षात खूप रडले. साहेबांनी हात धरला होता, आणि काही बोलले असतील तर मला ते कळलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेब समोर येऊन उभे राहिले, ओठ दिसतील असे. ‘अंजनी, कानातलं आणलंय गं.’

तसलीच डबी. या खेपेला माझ्यासाठी. त्यांनीच घालून दिलं. घरात घड्याळ वाजतं, हे मी विसरूनच गेले होते! माग चालू केला, कांडी संपत आली आणि ठोका हलका झाला — धावले!

मग मुद्दाम पाठ फिरवून भाकरी थापायला बसले. मागून अगदी हळू म्हणाले, ‘कुड्या पण बघूया की.’

पुटपुटत नव्हते. कधीच पुटपुटत नव्हते.