खंडेनवमीचं विमान

१५ ऑगस्ट १९५६

झेंडावंदन, जिलबी, मग घरी सगळं सासर जेवायला. सासरे आबासाहेब (राहतात आमच्याकडेच) रंगात आले की संस्थानच्या विमानावर येतात, तसे आले. वर दोन पंख, खाली दोन पंख, अशा त्या जुन्या विमानाचे ते वैमानिक. खंडेनवमीला एका बाजूला हत्ती-घोडे उभे, दुसऱ्या बाजूला हे विमान. पुढच्या पंख्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू लावण्याचा मान आबासाहेबांचा. पुढे संस्थान विलीन झालं, विमान भंगारात निघालं. ज्या दिवशी ते उचलून नेलं, त्या दिवशी आबासाहेबांनी पंखावरच्या कापडाचा एक तुकडा कापून आणला. टॉवेलाएवढा, रोगणाने कडक झालेला, वर ठसठशीत काळं टी अक्षर. तेव्हापासून खंडेनवमीला तलवारीशेजारी त्या तुकड्याचीच पूजा.

मेहुणा सूर्याजी म्हणाला, आमचे बळवंतराव मात्र टाक पुजतात. सगळे हसले. हे दरवर्षीचं आहे. शिपाईगड्यांच्या घराण्यात एक कारकून जावई, हसणारच.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं. यंदाच्या खंडेनवमीला आबासाहेबांच्या विमानाचं हुबेहूब मॉडेल पूजेत असेल. स्केलप्रमाणे. आणि पंखांना कापड तेच, अस्सल.

आबासाहेबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. भरून आलं असणार. मग उठले, चाचपडत कपाट उघडलं (दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू), तुकडा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, जपून हं, जावईबापू.

हे काय सांगायला हवं?

१९ ऑगस्ट, रविवार

कामाला सुरुवात. खासगी बाजार पेठेत जाऊन पितळी पाटी करायला टाकली. ‘निर्माता : श्री. बळवंतराव सुर्वे, ग्वाल्हेर’. दुर्गा म्हणाली, अहो, आधी विमान तर होऊ द्या. बायकांना ऑफिसची पद्धत माहीत नसते. कुठलंही खातं उघडताना आधी पाटीच लागते.

संकल्प : रोज ऑफिसातून आल्यावर दोन तास. चहाला बसणे नाही. पत्ते बंद.

२७ ऑगस्ट

ऑफिसात बांधाबांध. एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ, आमचं अख्खं सेक्शन तिकडे. माझीही ऑर्डर आली. आबासाहेब येणार नाहीत. सूर्याजीकडे राहतो म्हणाले. “सारी उमर ग्वाल्हेरात, या लश्करमध्ये गेली, आता भोपाळला जाऊन काय करू?” म्हणजे सगळ्यांची एकत्र अशी ही शेवटचीच खंडेनवमी. दुर्गा ऐकून आत निघून गेली.

अशा वेळी कामात घाई नको. म्हणून अजून सुरू केलेलं नाही.

लाकडाची सोय मात्र झाली. फायलींसाठी आलेल्या खोक्यांपैकी एकाचं झाकण घरी आणत होतो. आमचे सुपरिंटेंडेंट कृष्णराव आडवे आले. म्हणाले, बळवंतराव, त्या खोक्यातून राज्य जायचंय, झाकण राहू द्या. कोत्या मनाचा माणूस. दुसरं आणलं.

१० सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीतही सांगाडा पूर्ण! पतंगवाल्याकडून बांबूच्या काड्या आणून सरसाने चिकटवल्या. मापं एका जुन्या इंग्रजी मासिकातल्या आकृतीवरून. आकृतीचं अर्धं पान फाटलेलं होतं, ते अंदाजाने. मी ते विमान एकदा प्रत्यक्ष पाहिलं आहे, लांबून का होईना.

शेजारच्या लीलाताई आरतीला आल्या होत्या. सांगाडा पाहून म्हणाल्या, “उंदराचा पिंजरा कुठून घेतलात? आमच्याकडेही खूप झालेत.” हातावर प्रसाद ठेवला. सण होता.

सरस शिजवला की घरभर वास सुटतो. दुर्गाने नाकाला पदर लावून मोदक केले.

२२ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. नवीन काम करायचं नसतं. सांगाडा जुनं काम, पण पंख नवीन काम. शास्त्र म्हटलं की माझा नाइलाज असतो. संध्याकाळी पत्ते.

आबासाहेब रोज चहाला बसतात आणि विचारतात, कुठवर आलं? आज सांगून टाकलं, पंख चढले. कामाचा तक्ता आखला आहे, त्यात चढलेच आहेत. त्यांचा चेहरा असा उजळला की मी पुढे शेपटीचंही सांगितलं. एकदा हात लावून बघू का, म्हणाले. नजर गेल्यापासून सगळं हातानेच बघतात. म्हटलं, ओलं आहे.

पाटी आली. सुरेख झाली आहे. विमानापेक्षा थोडी मोठी वाटते.

५ ऑक्टोबर

घट बसले. आता कापड. पण ते इतकं कडक की वाकवावं तर कडकड वाजतं. जुनं रोगण. यावर उपाय डोक्यात आला. धुण्याचा सोडा घालून उकळायचं. दुर्गा म्हणाली, बाबांना विचारा. म्हटलं, विमान आता माझ्याकडे आहे. तिने पातेलं दिलं नाही. मी दूध तापवायचं घेतलं.

कापड मऊ झालं, अगदी मलमल. रंग जरा गेला. पाण्यावर काळे पापुद्रे तरंगत होते. ते टी अक्षर होतं हे नंतर लक्षात आलं. हरकत नाही. अक्षर काय, शाईने परत काढता येतं. माझं अक्षर ऑफिसात चांगलं समजतात.

दुर्गाने पातेलं घासायला घेतलं नाही. तसंच मोरीत पडलं आहे.

७ ऑक्टोबर, रविवार

कापलं. एक डावा पंख, एक उजवा, बाकी बारीकसारीक पट्ट्या शेपटीला आणि पोटाला. कापड पुरून थोडं उरलं, तेव्हा स्वतःवर खूश झालो.

मग चिकटवायला बसलो, तेव्हा खालचे दोन पंख दिसले.

ते हिशोबात धरायचे राहिले. सगळी विमानं हल्ली दोनच पंखांची असतात, त्याची सवय. शिवाय पंखाला खालूनही कापड लागतं, हे आकृतीत फाटलेल्या भागात असावं. पट्ट्या जोडून बघितल्या. ठिगळं. सरस फार झाला, हात पुसायला चिंधी हवी होती, उरलेल्यातलीच घेतली. आता मोठा तुकडा असा राहिलाच नाही.

आबासाहेब बाहेर बसून होते. कात्रीचा आवाज ऐकून म्हणाले, चाललंय वाटतं काम. म्हटलं, जोरात.

राज्य पुनर्रचनेची धामधूम नसती तर ही चूक झाली नसती. डोकं ठिकाणावर कसं राहणार?

१० ऑक्टोबर

सकाळी उठून पाहतो तो सरस वाळताना कापड आखडलं होतं आणि सांगाडा पिळून निघाला होता. विमान आता डावीकडे बघतं. सरळ करायला गेलो. पाच-सहा काड्या मोडल्या. मग रागाच्या भरात बाकीच्या मी मोडल्या. कापड सोडवायला गेलो तर सरसासकट लिबलिबत फाटलं.

दोष सरसाचा. इंदूरला चांगला मिळतो म्हणतात.

दुर्गा दारात उभी होती. काही बोलली नाही. बोलली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

१२ ऑक्टोबर

एक योजना. दाल बाजाराजवळच्या दुकानातून पत्र्याचं खेळण्यातलं विमान आणलं, किल्लीचं. दोनच पंख, पण वर पुठ्ठ्याचे आणखी दोन बसवता येतील. आबासाहेबांना दिसत नाही. दुर्गाला दाखवलं. ती म्हणाली, “अहो, बाबांची नजर गेली आहे, बोटं गेलेली नाहीत.” मग म्हणाली, काय ते त्यांना सांगा. उद्याच्या आत सांगा.

संकल्प : सांगायचं. चहाच्या वेळी.

चहाच्या वेळी सूर्याजी आला. त्याच्यासमोर कसं सांगणार?

किल्लीचं विमान कपाटावर ठेवलं आहे, मागच्या बाजूला.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळीच सगळे जमले. पाटावर तलवार, ढाल, सूर्याजीची बंदूक, दुर्गाची विळी, माझा टाक. मधे जागा मोकळी ठेवली होती. आबासाहेबांनी जुना दरबारी साफा बांधला होता. झेंडूची माळ स्वतः ओवली होती, लहान मापाची.

मी सांगितलं, थोडं काम बाकी आहे. सूर्याजी हसला. आबासाहेब त्याला रागावले. म्हणाले, असं काम घाईचं नसतं, मला विचारा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “विमान नंतर होईल. आजच्यापुरतं कापड द्या, जावईबापू. पूजा झाली की परत कामाला न्या.”

आत गेलो. सगळं शोधलं. धड म्हणावी अशी ती हात पुसायची चिंधीच होती. तळहाताएवढी, सरसाने कडक झालेली. मनात आलं, कडक आहे, तर ओळखू येणार नाही. हे मनात आलं, हेही इथे लिहून ठेवतो.

आणून दिली. त्यांनी दोन्ही हातांत घेतली. अक्षर शोधत बोट फिरवलं. उलटी केली, पुन्हा फिरवलं. मग नाकाशी धरली. सरसाचा वास मला उभ्या जागी येत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी दुर्गाला विचारलं, बाळ, सुलटी बाजू कुठली? दुर्गाने माझ्याकडे पाहिलं नाही. हीच, म्हणाली.

त्यांनी ती तलवारीशेजारी ठेवली, हळदकुंकू लावलं, माळ वाहिली. माळ मोठी झाली, चिंधी दिसेनाशी झाली. मग म्हणाले, यंदा पहिला नमस्कार जावईबापूंचा. दोन महिने खपलेत ते.

मी वाकलो. माळ जराशी सरकली होती, खाली माझ्या अंगठ्याचा ठसा होता आणि त्यावर कुंकू. सूर्याजीसुद्धा हसला नाही. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. असं लोक म्हणतात तेव्हा मला ते बोलण्यापुरतं वाटायचं.

जेवणं झाल्यावर आबासाहेबांनी मला जवळ बसवलं. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, भोपाळला गेलात की सावकाश करा. मी असलो नसलो तरी करा. बाकीचं कापड तेवढं जपून न्या, सामानात चुरगळायला नको.

मी हो म्हणालो.