गुलालाचं नाव

गडमुडशिंगी
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

प्रिय नबीलाल,

नमस्कार. अमीरबी वहिनींनाही सांग. थंडी बरीच पडली आहे, तुझा गुडघा दुखत असेल. नवा गूळ आला, त्यातली एक ढेप तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. पैलवान आता बरा आहे. नावाला पैलवान, पण कुत्रा असून अजून मांजराला भितो.

एका गल्लीत राहून पत्र कसलं, असं तुला वाटेल. पण समोर आलो की तू मान वळवतोस, आणि नाही वळवलीस तरी माझी खाली जाते.

काल तुझ्या शबनूरनं देवळापुढं पुन्हा टेबल मांडलं होतं. रेबीजच्या लसीला एकही कुत्रं आलं नाही. बाळासो पारावरून माझ्याकडं बोट करून ओरडला, "डॉक्टरीणबाई, पिराजीच्या कुत्र्याचं तोंड भोपळ्यागत झालं की! आमचं हाय तसंच बरं हाय." सगळे हसले. पोरीनं खाली बघत लसीचा डबा बंद केला. मी तिथंच होतो. हसलो नाही, पण बोललोही नाही.

पैलवानला लस टोचली त्या रविवारी ती म्हणाली होती, "काका, अर्धा तास हितंच बसा. एखाद्याला सूज येती, आली तर लगेच बघता येतंय." मी म्हणालो, "नैवेद्याची वेळ झाली गं," आणि निघालो. घरी गेल्यावर त्याचं तोंड सुजलं, डोळे मिटले. उचलून परत आणला आणि चार लोकांत तिला म्हणालो, "कुत्री मारायला शिकलीस व्हय?" तू बाजूलाच होतास. तिनं सूज उतरायची दुसरी सुई भरली आणि त्याला वाचवलं. तरी मी गल्लीच्या ग्रुपवर सांगितलं, लस टोचू नका.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. घरी नेल्यावर मी पैलवानला देव्हाऱ्यापुढं धरलं आणि जोतिबाचा गुलाल लावला, कपाळापासून नाकापर्यंत. त्यानं तो चाटला. सूज दिसली तेव्हा मी आधी ओल्या टॉवेलनं गुलाल पुसला, मग धावलो. शबनूरनं विचारलं, "काका, काय लावलंय का त्याला?" मी म्हणालो, "काय न्हाय."

देवाच्या गुलालावर आळ येईल असं काही माझ्या तोंडून निघेना. तुझ्या लेकीवर आळ घेताना मात्र जीभ अडली नाही.

सूज कशानं आली, मला ठाऊक नाही. लसीनंही आली असेल. पण म्हणून तर ती बसा म्हणत होती.

ओढ्याकडं पिसाळलेलं कुत्रं फिरतंय म्हणतात. आपल्या गल्लीतल्या आक्काची नात बाळासोच्या कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळते. ते बघवत नाही.

येत्या रविवारी शबनूरला टेबल मांडायला सांग. मी पारावर उभा राहून सगळं सांगेन, गुलालाचं नाव घेऊन. पैलवानला पुढं टोचायचं की नाही, ते ती ठरवेल. मी मात्र तिथं अर्धा तास बसेन, लोक काय म्हणतील ते ऐकत. तू शेजारी बसावंस, असं मागायचं तोंड मला नाही.

तोवर 'तुझा' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच

पिराजी