म्हैस आली की थांबायचं

लातूर

तीर्थस्वरूप अमृतराव पाव्हणे यांना मल्लिकार्जुनचा शरणु शरणार्थी.

पत्राला लई उशीर झाला, माफी असावी. फोनवर बोलता आलं असतं, पण माझ्या मोबाईलचा आवाज बसलाय. (माणसाचा बसतो तसा.) तुमचे गुडघे कसे आहेत? देगलूरला गारवा असेल तर तेल लावत जावं. इकडे आम्ही सगळे ठीक, फक्त मला झोप नाही.

कारण समीक्षाची परीक्षा. तुमची ही नात कानामागे मशीन लावून आता चुरूचुरू बोलते, तरी वीरेश आणि सूनबाईंनी तिला अशा लेकरांची तपासणी करणाऱ्या मंजुश्री मॅडमकडे न्यायचं ठरवलं. ज्या लेकरांना पहिली काही वर्षं ऐकू येत नाही, त्यांतल्या काहींना ऐकलेलं ध्यानात धरायला आणि मनाला आवर घालायला जड जातं म्हणे. ते तपासायचं. आता लातुरात परीक्षा म्हटलं की अख्खं घर तयारीला लागतं. मी आठवडाभर तिला भिजवलेले बदाम चारले आणि औशापर्यंतच्या सगळ्या थांब्यांची नावं पाठ करून घेतली. (त्यातलं एकही आलं नाही.)

वीरेश कामावर होता, सूनबाई समोरच्या दुकानातून मशीनचे सेल आणायला गेल्या, म्हणून आत मी बसलो. मॅडम काही शब्द सांगायच्या, पोरीने ते उलट्या क्रमाने म्हणायचे. चमचा, बैल, छत्री. ती जरा थांबली, तसा मी मागून हळूच छत्री म्हणालो. (हळूच म्हणजे बाहेरचे दोघे आत डोकावले.) समीक्षा वळून म्हणाली, “अप्पा, गप बसा की! मला ऐकू यायलंय.”

मग कॉम्प्युटरचा खेळ. ट्रॅक्टर आला की बटण दाबायचं, म्हैस आली की हात आवरायचा. पोरगी एखाददुसऱ्या म्हशीला फसली, बाकी झकास. मला वाटलं, एवढं सोपं असून परीक्षा कसली, म्हणून मीही बसलो. मॅडमनी सगळं समजावून विचारलं, कळलं का? मी म्हणालो, हाव. आणि पाव्हणे, एकही म्हैस सोडली नाही. जन्मभर म्हशी हाकलल्या, म्हैस दिसली की हात उठणारच!

मॅडम म्हणाल्या, “आजोबा, म्हशीला थांबायचं होतं, तुम्ही हाव म्हणालात ना?”

तेव्हा समीक्षा म्हणाली, “मॅडम, त्यांना ऐकू येत न्हाई. ते सगळ्यालाच हाव म्हणतात.”

स्वतः ती असं करत नाही. ऐकू आलं नाही की सरळ ‘परत सांगा’ म्हणते, कुणालाही. मठात स्वामीजींनाही म्हणाली. त्यांनी बिचाऱ्यांनी प्रवचन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि प्रसाद थंड झाल्याचं लोक अजून मला ऐकवतात. मॅडम मात्र म्हणाल्या, हीच हिची मोठी हुशारी. पोरीचं चांगलं चाललंय, घरी असेच खेळ खेळत राहा. कळवावं म्हणून लिहिलं. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
मल्लिकार्जुन

ता. क. मोबाईल धडधाकट आहे. मागे तुमचा फोन आला, तेव्हा तुम्ही बराच वेळ काही विचारत होतात. मला ‘समीक्षा’, ‘जूनपासून’ आणि ‘आमच्याकडे’ एवढंच कळलं, आणि मी दर वेळी हाव म्हणालो. तेव्हापासून झोप नाही. सूनबाईंना विचारावं, तर त्या आधी माझेच कान तपासायला नेतील. चार दिवस राहायला नेणार असाल तर हाव कायम. पण तिकडच्या शाळेत घालणार असाल, तर पाव्हणे, ती म्हैस होती, माझा हात चुकून पडला. मी नेमका कशाला हाव म्हणालो? परत सांगा.

ता. क. उत्तर लवकर धाडा, पण पोस्टानेच. फोन केलात तर मी पुन्हा हाव म्हणेन.