जाहिराती गाळलेला शेवटचा भाग

लिन लेक, मॅनिटोबा
३१ जानेवारी १९८७

ती. मेव्हिसताईस लॉर्नचा सा. न.

टेप पोचली. काल कर्लिंग क्लबात, बर्फावर दगड सरकवून झाल्यावर, आम्ही नेहमीच्या सहाही जणांनी 'तारागलबत'चा नवा भाग बघितला. इथे टीव्हीला एकच चॅनेल, त्यावर हॉकी नाहीतर हवामान. तू रेकॉर्ड करून पाठवतेस म्हणून कप्तान ओर्लाचं तोंड तरी दिसतं.

आता ऐक. आठ तारखेला शेवटचा भाग आहे आणि तो पुन्हा दाखवणार नाहीत. आमच्या हिल्डाबाईंना त्यांचा मुलगा आर्नी हॅमिल्टनला कायमचं घेऊन जातोय, चौदा तारखेचं विमान आहे. त्याच्या घरी टीव्हीवर दिवसभर गोल्फ चालतं आणि मध्ये बोललेलं त्याला खपत नाही. बाई काही रडणाऱ्यातल्या नाहीत. पण परवा म्हणाल्या, की तिथे ओर्लाला शिव्या घालायला माझ्या जोडीला कोण बसणार?

तेव्हा शेवटचा भाग आम्हाला तेराच्या शुक्रवारी एकत्र बघायचाय. जाहिराती गाळ. मागे कुत्र्याच्या खाण्याची एक राहिली होती, आमच्यातला डग्लस अजून भुंकून दाखवतो. आणि शेवट पत्रात फोडलास तर आपलं नातं संपलं.

लोभ असतोच, टेप वेळेवर असू दे.
तुझा लॉर्न

विनिपेग
९ फेब्रुवारी

चि. लॉर्न यास अ. उ. आ.

टेप सोबत आहे. पोस्ट गाठायचं म्हणून परत लावून बघितली नाही. तासभर पॉजच्या बटणावर अंगठा ठेवून बसले होते. जाहिरात लागली की दाबायचं, संपली की पुन्हा दाबायचं. एक जरी जाहिरात सापडली तर नाव बदलीन!

सुरुवातीलाच तुझ्या भावोजींनी मोहरीची बाटली कुठे आहे म्हणून विचारलं. बाटली त्यांच्याच हातात! ओरडण्याच्या भरात बटण एकदा जास्त दाबलं गेलं की काय कोण जाणे, पण पुढे एकदाही चुकले नाही.

सोबतच्या डब्यातले गोड बटर टार्ट हिल्डाबाईंसाठी आहेत. तू हात लावू नकोस.

तुझी आणि तुझ्या खादाडपणाची काळजी असलेली,
मेव्हिस

लिन लेक
१५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

नवीन नाव काय ठेवलंस ते कळव.

साबण, टायर, कॉफी, कुत्र्याचं खाणं. सगळ्या जाहिराती अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाळलंस ते 'तारागलबत'! डग्लस हसून हसून खुर्चीवरून पडला. हिल्डाबाई हसल्या नाहीत. कोट चढवून निघायला उठल्या.

मग एकदम म्हणाल्या, की टेप मागे घ्या. साबणाची जाहिरात संपल्यावर थांबवायला लावली आणि स्वतः ओर्ला होऊन उभ्या राहिल्या. डग्लस झाला यंत्रमानव, मी शत्रूचं अख्खं सैन्य. आर्नी आईला न्यायला येऊन मागे घड्याळ बघत बसला होता. त्याच्या डोक्यावर पातेलं घालून त्याला राक्षस केला. जाहिरात लागली की सगळ्यांनी दम खायचा, संपली की पुन्हा लढाई.

शेवटी पृथ्वीवरून हुकूम आला, की कप्तानांचं वय झालं, गलबत सोडून परत या. बाई ऐंशीच्या आहेत गं, पण खुर्चीवर चढल्या. म्हणाल्या, माझी माणसं या गलबतावर आहेत, मी उतरत नाही. आम्ही टाळ्या पिटल्या. आर्नी पातेलं काढून खाली बसला आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत होता.

काल सकाळी विमानात तो एकटाच चढला.

टार्ट मी दोनच खाल्ले.
लॉर्न

विनिपेग
२४ फेब्रुवारी

चि. लॉर्न यास अ. उ. आ.

मेले मी! तुझे भावोजी तेव्हापासून मला मोहरी म्हणून हाक मारतात. ऑफिसातल्या ग्लेंडाकडे तो भाग निघाला. पाया पडून नक्कल करून घेतली, ती पाठवतेय. यावेळी दोनदा लावून बघितली. हिल्डाबाईंना खरा शेवट दाखव आणि माझ्या वतीने माफी माग.

राग नसावा, असलाच तर तोंडावर सांगावा.
मेव्हिस

लिन लेक
७ मार्च

ती. मोहरीताईस सा. न.

टेप पोचली. हिल्डाबाई म्हणाल्या, खरा शेवट आम्ही बघितलाय. तुझ्या टेपवर आम्ही कर्लिंगची फायनल रेकॉर्ड केली.

जाहिरातींची टेप मात्र आर्नीने फोन करून मागितली, बायकोला दाखवायची म्हणे. बाईंनी साफ नाही सांगितलं. बघायची असेल तर इकडे ये म्हणाल्या, राक्षसाची जागा रिकामी ठेवली आहे.

तुझा लॉर्न