कपाट, जावई आणि बाणाचं टोक

चि. धाकटीस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच आहेत, पण आता मला त्यांच्याबद्दल शास्त्राला धरून बोलता येतं. दुखणं ही अदिश राशी. किती दुखतं तेवढं सांगायचं, कुठल्या दिशेला दुखतं असं काही नसतं. (फोन असताना हिला पत्र कसलं सुचलं, असं म्हणशील. ते ओघाने येईलच.)

तर उद्या आपल्या नातीची भौतिकशास्त्राची तोंडी परीक्षा. मागच्या खेपेला सदिश राशींवर गाडी अडली आणि पोरगी डोळे पुसत घरी आली. त्यांच्या बाई म्हणाल्या, घरात ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याला समजावून सांग, त्याला कळलं म्हणजे तुलाही कळलं. असं माणूस शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. माझी शाळा पाढ्यांतच आटोपली हे तुला ठाऊक आहे. (तू तरी कुठे पुढे गेलीस म्हणा.) पण काय सांगू, या वयात विद्येची गोडी लागली बघ. दूध किती, ताप किती, एवढ्यावर भागतं ती अदिश. किती आणि कुठे, दोन्ही सांगावं लागतं ती सदिश. ती बाणाने दाखवायची. जोर जास्त तर बाण लांब.

आज सकाळी तिचं टेबल खिडकीशी घ्यायचं म्हणून लोखंडी कपाट हलवायला काढलं. मुलगा होता, जावईही आलेले. आता या दोघांचं तुला माहीत आहे. एकमेकांना इतका मान देतात की दारातून आधी कोण जाणार यात चहा निवतो. मुलगा म्हणाला, तुम्ही राहू द्या, मी ढकलतो. जावई म्हणाले, छे छे, तुम्ही कशाला. आणि एकमेकांचे कष्ट वाचवायला एक या बाजूने लागला, दुसरा त्या बाजूने. दोघे घामाघूम, कपाट ढिम्म. जावयांना चुकताय म्हणून कोण सांगणार? मी सरबत करायला घेतलं.

तेवढ्यात नात खडू घेऊन आली आणि फरशीवर समोरासमोर दोन सारखे बाण काढून म्हणाली, आजी, बेरीज शून्य. मग तिने बाबांना मागून लावलं, आत्याच्या नवऱ्याला बाजूने, आणि तिरका बाण काढून सांगितलं की कपाट आता असं जाणार. आणि गेलं गं, अगदी खडूच्या रेघेवरून. पोरगी नाचली, मी नाचले (गुडघे विसरून), मला तर सगळं आरशासारखं लख्ख दिसलं. तिचा चेहरा इतका खुललेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. उद्याची मला काडीची काळजी नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. बाणाचं टोक कुठे जातं हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. ते बाथरूमच्या दारापाशी जातं. दार बाहेर उघडतं, आणि आत 'हे' आंघोळ करतायत. म्हणजे आंघोळ झाली, आता नुसतेच बसलेत. गाणी ऐकायला फोनही आत नेलाय, आणि गाण्यांनीच त्याची बॅटरी संपली, म्हणून हे पत्र. पाणी गार झालं म्हणतात. गारव्याला दिशा नसते हे मी दारातून समजावलं, तर जो आवाज आला तो थेट माझ्याच दिशेने आला.

ता. क. दुसरा. जावयांची कंबर धरली. मुलगा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलाय. मी आणि नातीने ढकलून पाहिलं. दिशा बरोबर होती, बाण आखूड पडला. पत्र घेऊन नातच येतेय, तिच्याबरोबर भावोजींना आणि तुझ्या थोरल्याला लगेच धाड. लांबण लागली खरी, पण एवढं शिकलेलं कोणाला तरी सांगायला नको?

ता. क. शेवटचा. दोघांना एकाच बाजूला उभं राहायला सांग. आपसात मानपान नको.