कटंगीकडचा हिरवा पट्टा

११ ऑगस्ट, बालाघाट
दुपारी देवकाकाकूंचा फोन. कटंगीजवळ आमच्या शेजारी त्यांचं शेत, नाल्याच्या काठाला. "पूनम, धान लाल पडून राह्यलं. जंग लागल्यावानी. येऊन पाहून जाय न माय." पाणी साचलं असेल, म्हटलं. खात्री नसताना म्हटलं. इथे लिहून ठेवते.

कृषी विज्ञान केंद्रात मुलाखतीची तयारी. शास्त्रज्ञाची कायम जागा, तीन वर्षं कंत्राटावर काढल्यावर. केंद्रातले माझे पर्यवेक्षक, सर, म्हणाले, "नक्शा ही तुम्हारा सब कुछ है." खरंच आहे. धानाच्या शेतांत झिंक कुठे पुरेसं आणि कुठे कमी, एवढंच दाखवणारा नकाशा. लाल म्हणजे कमी, हिरवं म्हणजे पुरेसं. दोन उन्हाळे गेले त्यात.

रविवारी घरी जाईन. तेव्हा पाहते.

१६ ऑगस्ट, घरी
पाहिलं. खालच्या पानांवर तांबूस ठिपके, एकात एक मिसळत गेलेले. रोपं बुटकी. खैरा आहे. झिंक कमी पडलं की धानाला होतो तो. पुस्तकातल्या फोटोसारखा, शंकेला जागाच नाही.

आणि काकूंच्या माती-परीक्षणाच्या कार्डावर 'झिंक: पुरेसे'. खाली माझी सही. काकूंनी कार्ड रेशनकार्डाच्या थैलीत जपून ठेवलेलं. "दुकानवाला झिंक घे म्हने. मी म्हटलं, आमच्या पूनमनं लिहून देल्लं, नाही लागत."

झिंक सल्फेट आणि विझवलेला चुना, दोन्ही पाण्यात मिसळून फवारा, म्हणून सांगितलं. उद्याच.
"मंग कार्ड खोटं काय?"
"पान खरं आहे, काकू. तुम्ही फवारा."

नाल्याकाठच्या आणखी चार बांध्यांत, धानाच्या तुकड्यांत, तेच. चारही कार्डं माझी. जेवण गेलं नाही. आईला वाटलं बसने त्रास झाला.

१८ ऑगस्ट
प्रयोगशाळेतल्या नेहाकडून काकूंच्या शेताचा जपून ठेवलेला नमुना पुन्हा मोजून घेतला. मशीन तिच्याकडे असतं. तोच आकडा. दुसऱ्यांदाही तोच. "मशीन सही है, मिट्टी सही है, तू ही पागल है," नेहा. हसले.

पण मग? नमुन्याच्या थैलीतल्या मातीत झिंक आहे. शेतातल्या मातीत नाही. माती तीच. शेत आणि थैली यांच्या मध्ये काय आहे?

१९ ऑगस्ट
कळलं.

नकाशा समोर घेऊन बसले होते. सगळा लाल, फक्त कटंगीकडे एक हिरवा पट्टा. त्यावर मी अख्खा परिच्छेद लिहिला आहे, नाल्याच्या गाळामुळे तिथली माती कशी सकस वगैरे. सरांनी समासात 'बढ़िया' लिहिलं होतं. पट्टा जिथे संपतो तिथे ना नाला संपतो, ना माती बदलते. तिथे मी घरून जाऊन नमुने घेणं थांबवलं, एवढंच. परसवाड्याकडचे नमुने केंद्राच्या प्लास्टिकच्या टबात घेतले. कटंगीकडचे, दुसऱ्या उन्हाळ्यात, टब दुसऱ्या गटाकडे होता म्हणून बाबांच्या बादलीत.

जस्ताची बादली. आतून पांढरी भुकटी सुटते ती. लहानपणी मला तो चुना वाटायचा. जस्त म्हणजेच झिंक, हे दहावीच्या पोरीलाही माहीत असतं.

म्हणजे मी गाळ नाही, बादली मोजली.

(यापुढे 'ब.' लिहीन. शब्द पुरा लिहवत नाही.)

२० ऑगस्ट
झोप नीट नाही. एकच गोष्ट डोक्यात. एम.एस्सी.च्या पेपरात हा प्रश्न आला होता. 'सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना घेताना कोणती काळजी घ्याल?' प्लास्टिकचं भांडं, गंजलेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं अवजार नको. लिहिलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते.

तरी हात गेला ब.कडे. कारण हाताचं शिक्षण त्या पेपराच्या फार आधीचं. बाबा तेव्हा कृषी विभागात, गावोगाव मातीचे नमुने घेणारे ग्रामसेवक, बदली परसवाड्याच्या पुढे एका गावात. शाळा लांब, मी सात वर्षांची होईस्तोवर घरीच. माझी पाटी म्हणजे त्यांच्या थैल्यांच्या चिठ्ठ्या. नाव, गाव, खोली, तारीख. 'ख' मी 'खोली'तून शिकले, खड्डा किती खोल त्या 'खोली'तून. मग शेतात त्यांच्या मागे. वीतभर खड्डा, व्हीसारखा. कडेची पातळ चकती काढायची. दहा ठिकाणची माती ब.मध्ये, हाताने कालवायची, कापडावर पसरून चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे. "फेकतानी दया नाही दाखवाची, पुनी," म्हणायचे.

बाबांना हे कसं सांगू.

२३ ऑगस्ट, घरी
खात्री करून घेतल्याशिवाय कोणाला काही बोलायचं नाही, असं ठरवून आले. आमच्या शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची, माती काढली, बांबूच्या काठीने. एकत्र कालवली, दोन भाग केले. एक आईच्या प्लास्टिकच्या घमेल्यात, एक ब.मध्ये. तेवढ्यात बाबा आले.

"दोन कायले वं?"
"तुलना आहे एक."
"हौ का? आन इकडं." ब. त्यांनीच धरली. मी कालवत होते आणि ते कडेला हात लावून उभे, गाईला चारा घालताना उभे असतात तसे. चिठ्ठ्याही त्यांनीच लिहिल्या. अक्षर अजून तसंच, टोकदार.

त्यांच्याकडून त्यांच्याचविरुद्ध पुरावा गोळा करून घेतला. असं मी वागले.

२६ ऑगस्ट
घमेल्यातली माती: कमी. ब.मधली: पुरेसं.
नेहा उठली. चहा घेऊन आली.

२७ ऑगस्ट
सरांना सांगितलं. ऐकून घेतलं सगळं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढला.
"बेटा, इंटरव्यू हो जाने दो. बाद में शुद्धिपत्र छाप देंगे. जगह फिर कब निकलेगी, पता नहीं."
ते वाईट नाहीत. माझ्यासाठी घाबरतात. त्यांच्याही नावावर आहे तो नकाशा, पण ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

हिशेब करून पाहिला, खरंच. मुलाखत एकोणीस सप्टेंबरला. तोवर फवारणीची वेळ निघून जाईल. चूक माझी, थांबायचं मात्र शेतकऱ्यांच्या धानानं. म्हणजे हा विचारायचा प्रश्नच नव्हता. मग विचारत का होते?

धैर्य नाही म्हणून.

३० ऑगस्ट, घरी
बाबांना सांगितलं. ओसरीवर, ते दोरी वळत होते. सरळ सांगायचं ठरवलं होतं, पण नाल्यापासून सुरुवात केली, मग गाळ, मग मशीन. त्यांनीच विचारलं, "बादलीनं झालं का?"
"हौ."

दोरीला आणखी एक पीळ दिला.
"माह्या वेळी झिंक कोन मोजे? नत्र, स्फुरद, पालाश. त्यायले बादलीनं काही होत नसे."
"नाही होत, बाबा. तुमचं बरोबरच होतं."
"तुह्या पुस्तकात नव्हतं काय लिहेल?"
"होतं."
"मंग काहून?"

 तुमच्या हाताकडे पाहून शिकले, म्हटलं. ते ऐकायला बरं वाटेल म्हणून नाही. खरं होतं म्हणून.

उठले, दोरी खुंटीला टांगली. "गावात कवा सांगशीन?"
"उद्या."
"आजच चाल. पंचायतीपाशी बसले असतीन सगळे."

त्याच दिवशी, जरा उशिरा
गेलो. बारा-पंधरा जण. मी उभं राहून सांगितलं की कार्डं चुकली, माझ्या भांड्यामुळे, झिंक कमीच आहे, पानं लाल झाली असतील त्यांनी लगेच फवारा. मागून कोणीतरी, "वावर मोजाले आलती, बादली मोजून गेली!" सगळे हसले. 

देवकाकाकू: "हासा, हासा. येऊन सांगतलं तरी तिनं. तुह्या दुकानवाल्यानं देल्लेल्या भेसळीचं तो सांगते काय तुले?" मग हसण्याची दिशा बदलली.

बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटत होतं, 'बादली माही होती' म्हणतील. आणि म्हणू नये असंही. परतताना सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले.

१ सप्टेंबर
केंद्रात पत्र दिलं. कटंगीकडचे सगळे नमुने नकाशातून मागे घेते, कार्डं बदलावी लागतील, कारण अमुक. तीनदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'अनवधानाने' होतं, खोडलं. अनवधान नव्हतं. सवय होती.

सरांनी वाचून पुढे पाठवलं. त्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली: 'पर्यवेक्षक के नाते मेरी भी ज़िम्मेदारी.' मला दाखवली नाही. नेहाने सांगितली.

९ सप्टें.
काकूंचा फोन. नवी पानं हिरवी येत आहेत. नाल्याच्या टोकाची एक बांधी मात्र बुटकीच. तिथे उशीर झाला. 'ठीक आहे' म्हणाल्या. ठीक नाही. त्या बांधीचं किती धान कमी येईल ते मला मनात काढता येतं, आणि मी ते दिवसभर काढत बसते.

१९ सप्टें.
मुलाखत. पाच जण. नकाशा लावला, कटंगीकडे कोरा भाग.
"यहाँ डेटा क्यों नहीं है?"
सांगितलं.  एका बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, काही लिहून घेतलं. टोकाला बसलेल्यांनी विचारलं, "यह आपको पढ़ाया नहीं गया था?"
"पढ़ाया गया था, सर."
"फिर?"
फिर. बाबांचाच प्रश्न. तेच उत्तर दिलं, हिंदीत. घरी वडिलांकडून शिकले, तेव्हा झिंक मोजत नसत, हाताची सवय राहिली. उत्तर म्हणून चांगलं की वाईट, कळत नाही. पुढचे प्रश्न दोनच, दोन्ही सोपे. निवड करायची नसली की सोपे प्रश्न विचारतात, हे माहीत आहे.

स्टँडवर बसची वाट पाहताना एकदम भूक लागली. महिन्यानंतर.

२१ ऑक्टो.
निकाल नाही. नेहा म्हणते, रोज मेल उघडून मशीनचं रीडिंग घेतल्यासारखी बघू नकोस. कंत्राट मार्चपर्यंत. त्यानंतरचं माहीत नाही.

धान निघाल्यावर पुन्हा नमुने घेण्याची परवानगी आली. टब दोन देणार आहेत, प्लास्टिकचे. सही करून घ्यायचे.

२९ नोव्हेंबर, घरी
काकूंच्या शेतापासून सुरुवात. कापणी झालेली, माती आतून ओलसर, मऊ. बाबा सकाळी तयार होऊन बसले होते, विचारलंही नव्हतं. हातात बांबूची खुरपी, नवी. कधी तासली देव जाणे. धार गुळगुळीत, मुठीला दोरी. तीच, ऑगस्टात वळत होते ती.

काकू धुऱ्यावरून: "बादली नाही आनली का आज, भाऊ?"
"गाईले देल्ली पानी प्याले," बाबा. "तिचं कार्ड काढाचं नाही."
काकू पदर तोंडाला लावून हसल्या. बाबांना असं बोलताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. काकू मग बुटक्या बांधीकडे घेऊन गेल्या. धसकटंसुद्धा लहान. "इथलं दोनदा घेजो," एवढंच म्हणाल्या. दोनदा घेतलं.

चकत्या मी काढल्या, कालवलं बाबांनी. दोन भाग फेकताना त्यांच्याकडे पाहिलं. फेकले.

३० नोव्हेंबर, घरी
माती सावलीत कागदावर वाळते आहे. चिठ्ठ्या बाबांनी लिहिल्या. नाव, गाव, खोली, तारीख. आणि खाली पाचवी ओळ, मी सांगितलेली नव्हती: 'भांडं: प्लास्टिक'.

 जेवून बाहेर आले तर ते मागच्या खोलीतल्या फळीजवळ स्टूल घेऊन बसलेले. त्या उन्हाळ्याच्या उरलेल्या थैल्या तिथे आहेत, हिरव्या पट्ट्याच्या. एकेक काढून, जुनी चिठ्ठी सरळ करून, माझ्या अक्षराखाली त्यांच्या अक्षरात लिहीत होते. 'भांडं: जस्ताची बादली'. प्रत्येकीवर, पूर्ण.

"थकाल, बाबा. उद्या करू."
"तू तुही माती पाह्य. वर-खाली करून घे, बुड ओलं राह्यते."

निम्म्या थैल्या उरल्या आहेत. मुलाखतीच्या निकालाचं पत्र अजून नाही. मंगळवारसाठी नेहाने मशीन राखून ठेवलं आहे. खाली जाऊन माती वर-खाली करून आले, बुड खरंच ओलं होतं.